मॉनिटरवर ऑक्सिजन ९७ चा एकदम ८२, खरं काय मानायचं?

काळजीवाला: बाबा आयसीयूत आहेत, आता बरेच बरे आहेत, पण तो मॉनिटर बघून माझाच जीव खालीवर होतो. मगाशी ऑक्सिजन ९७ वरून एकदम ८२ झाला, अलार्म वाजायला लागला, सिस्टर आल्या, बोटाची क्लिप नीट बसवली आणि थोड्या वेळात परत ९६. बाबा निवांत झोपलेले, नुसता हात हलला होता. मग ते ८२ आलं कुठून? आणि बीपीचा कफ फुगला की पण ऑक्सिजनचा आकडा गायब होतो, असं का?

मशीनदुरुस्ती: क्लिपमध्ये दोन एलईडी असतात, एक लाल साधारण ६६० नॅनोमीटरचा आणि एक इन्फ्रारेड ९४० च्या आसपासचा. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं आणि ऑक्सिजनवालं इन्फ्रारेड जास्त शोषतं. मशीन फक्त नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा प्रकाश धरतं आणि दोन्हींचं गुणोत्तर काढतं, ही आयडिया जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७० च्या दशकातली. आता हात हलला की शिरांमधलं रक्त पण हलतं आणि मशीनला तीच नाडी वाटते, दोन्ही रंगांत सारखाच गोंधळ झाला की गुणोत्तर १ च्या जवळ जातं आणि १ म्हणजे साधारण ८५ टक्के. म्हणून हललेल्या बोटाचा आकडा बऱ्याचदा ऐंशीच्या घरात जाऊन बसतो. कफचं म्हणाल तर तो त्याच हाताला असणार, फुगला की बोटाचं रक्त थांबतं, नाडीच नाही तर मोजणार काय. क्लिप दुसऱ्या हाताला लावता येईल का ते सिस्टरना विचारा.

रात्रपाळी: दादा, आकड्याच्या आधी त्याच्या शेजारची लाट बघा. प्रत्येक ठोक्याला सारखी, स्वच्छ लाट येत असेल तर आकड्यात दम आहे, वेडीवाकडी असेल तर थांबा. दुसरं म्हणजे क्लिपवरची नाडी आणि ईसीजीचा हार्ट रेट जुळतात का बघा, एक ५४ आणि दुसरा ८८ असेल तर आम्ही आधी क्लिपच तपासतो. बोटं गार पडली असतील, नेलपॉलिश असेल तरी घोळ होतो. पण लाट चांगली असून आकडा उतरत असेल किंवा बाबांना दम लागलाय असं दिसलं तर आकडा काहीही असो, लगेच हाक मारा, अजिबात संकोच करू नका. आणि अलार्म स्वतः बंद करू नका प्लीज.

अभ्यासू: उलटंही होतं हे लक्षात ठेवा. धुरात अडकलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि साध्या क्लिपला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो, म्हणजे माणूस सिरीयस आणि आकडा ९८. तिथे रक्त काढून को-ऑक्सिमीटरवरच, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडवालं हिमोग्लोबिन वेगळं ओळखणाऱ्या मशीनवरच, तपासावं लागतं.

काळजीवाला: खूप आभार सगळ्यांचे, जिवात जीव आला. अजून एक, श्वासाचा आकडा बाबा बोलायला लागले की काहीच्या काही होतो, त्याला तर वेगळी वायर पण दिसत नाही.

मशीनदुरुस्ती: तो ईसीजीच्या स्टिकरवरूनच येतो. त्यातून अगदी बारीक करंट जातो, श्वासाबरोबर छातीचा रोध बदलतो तो मोजतात, त्यामुळे बोलणं, खोकला, कूस बदलणं सगळं त्यात मिसळतं. शंका आली तर छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, सिस्टर पण तेच करतात.