मदत हवी आहे: यूस्लीप(२५०) दर वेळी उशिरा का उठतं?

खटपट्या:
लूप दर २५० मायक्रोसेकंदांनी फिरायला हवा. यूस्लीप(२५०), म्हणजे प्रोग्रामला तेवढे मायक्रोसेकंद झोपवणारा कॉल, टाकलंय, पण मोजलं की ३१०च्या आसपास येतं, मधूनच ४००. हाय-रेझोल्यूशन टाइमर चालू आहेत, मग हे का? काम आजच संपवायचंय, जाणकारांनी लवकर सांगा.

रेघोट्या:
ऑपरेटिंग सिस्टम कुठली? ड्रायव्हर की साधा प्रोग्राम? व्हर्च्युअल मशीन आहे का? मोजता कशाने? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चकमक:
विंडोजचा टिक (ठराविक वेळाने येणारा टाइमरचा ठोका) मुळातच १५.६ मिलिसेकंदांचा. तो लहान करायला टाइमबिगिनपीरियड(१) लावा, काम झालं की टाइमएंडपीरियड.

रेघोट्या:
विंडोजचं नाव कोणी काढलं? यूस्लीप म्हणजे बहुतेक लिनक्स.

खटपट्या:
लिनक्सच. साधा प्रोग्राम, खरंखुरं मशीन, क्लॉक_मोनोटॉनिक या घड्याळाने मोजतो. आणि बाजूला मोठं कंपाइल लावलं की ते ४०० दिसेनासं होतं!

घड्याळजी:
हे आधी सांगायला हवं होतं, सगळं त्यातच आहे. दुखणी दोन आहेत.

३१० येतं टाइमर स्लॅकमुळे. जवळजवळचे टाइमर एकाच इंटरप्टमध्ये उरकता यावेत म्हणून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) साध्या थ्रेडला ५० मायक्रोसेकंदांची ढील देतो. वर जागं होऊन सीपीयू मिळेपर्यंतचा वेळ. ज्या थ्रेडमध्ये लूप आहे त्याच थ्रेडमधून पीआरसीटीएल(पीआर_सेट_टाइमरस्लॅक, १) करा. एकक नॅनोसेकंद. ० देऊ नका, ० म्हणजे पुन्हा डिफॉल्ट.

४०० येतं सी-स्टेटमुळे, म्हणजे सीपीयूच्या वीज वाचवणाऱ्या झोपेच्या पायऱ्यांमुळे. रिकामा कोर खोल झोपतो, उठायला वेळ लावतो. कंपाइल चालू असताना तो झोपतच नाही. /डेव्ह/सीपीयू_डीएमए_लेटन्सी उघडून ३२ बिटी ० लिहा आणि प्रोग्राम संपेपर्यंत फाइल उघडीच ठेवा. बंद झाली की विनंती रद्द, त्यामुळे शेलमधून एको करून काही होत नाही.

चकमक:
एचझेड (सेकंदाला किती टिक) १००० करून कर्नल पुन्हा बनवा, विषय संपला.

रेघोट्या:
कशाला? /प्रॉक/टाइमर_लिस्टमध्ये एचरेस_अ‍ॅक्टिव्हसमोर १ असेल (म्हणजे हाय-रेझोल्यूशन टाइमर चालू) तर यूस्लीप टिकवर अवलंबूनच नाही. २५० एचझेडच्या टिकवर अडकलं असतं तर उशीर मिलिसेकंदांत दिसला असता.

फिरकी:
झोपायचंच कशाला? फिफो ९९ (रिअल-टाइम शेड्यूलिंग, सगळ्यात वरचा अग्रक्रम) लावा आणि घड्याळ वाचत लूप गरगर फिरवा.

घड्याळजी:
नको. कित्येक कर्नलांत रिअल-टाइम थ्रेडना सेकंदातले ९५० मिलिसेकंदच मिळतात. उरलेल्या ५०मध्ये सलग २०० फेऱ्या बुडतील. फिफो लावायचा तर झोपणाऱ्या लूपला लावा, तिथे स्लॅक आपोआप ० होतो.

रेघोट्या:
मूळ प्रश्नाकडे या. यूस्लीप आत्तापासून मोजतं, म्हणून लूपमधल्या कामाचा वेळ प्रत्येक फेरीत वर चढतो. क्लॉक_नॅनोस्लीप टाइमर_अ‍ॅबस्टाइमसह वापरा (झोप ठरलेल्या क्षणापर्यंत), पुढची वेळ म्हणजे मागची ठरलेली वेळ अधिक २,५०,००० नॅनोसेकंद. नॅनोसेकंदांचा रकाना १०० कोटी किंवा त्यावर गेला की हातचा एक सेकंदात मिळवा. तो राहिला तर कॉल झोप न घेता ईआयएनव्हीएएल ही चूक देऊन परततो आणि लूप सुसाट सुटतो.

खटपट्या:
स्लॅक १ केल्यावर २६०च्या आत आलं. फाइल उघडी ठेवल्यावर ४०० गेलं. अ‍ॅबस्टाइम आता लावतो. पण मशीन जास्त तापतंय.

घड्याळजी:
तापणारच, एकही कोर झोपत नाहीये. /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूआयडलमध्ये प्रत्येक स्टेटची लेटन्सी मायक्रोसेकंदांत दिली आहे. ती बघून ०ऐवजी १० किंवा २० लिहा. उथळ स्टेट चालू राहतील, खोल बंद.