बँकेतील नोकरी हेही देवाचे पाचारण असू शकते का?

प्रश्न (लातूर)
सर्वांना जय ख्रिस्त. मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत लिपिक आहे. जूनमध्ये खरिपाच्या पीककर्जासाठी आमच्या काउंटरसमोर सकाळपासून रांग लागते. अलीकडे आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एका उपदेशात, मासेमारीची जाळी सोडून येशूच्या मागे गेलेल्या शिष्यांचा दाखला देऊन, ज्यांना खरे पाचारण (देवाचे बोलावणे) झाले आहे ते नोकरीला चिकटून राहत नाहीत, असे सांगण्यात आले. घरी वृद्ध सासूबाई आहेत, मुले शाळेत आहेत. चर्चच्या पूर्णवेळ सेवेत जाणे मला शक्य नाही आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, तशी ओढही वाटत नाही. हा माझ्या विश्वासाचा उणेपणा समजावा, की सात-बारा तपासत बसणे हेही देवाने दिलेले काम असू शकते?

उत्तर (जालना)
ताई, दाखला अर्धाच सांगितला गेला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात जाळी सोडल्यानंतर थोड्याच ओळींनी येशू त्याच शिष्यांपैकी शिमोनाच्या घरी जातो आणि तापाने पडलेल्या त्याच्या सासूला बरे करतो. म्हणजे शिष्यत्व पत्करल्यावरही शिमोनाचे घर आणि सासू मागे पडली नाहीत. प्रेषित पौल करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवण्याचा धंदा करीत होता, आणि सुवार्तेसाठी त्याने तो धंदा हलका मानला नाही. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1520 साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिताना चांभार, लोहार आणि शेतकरी यांनाही धर्मगुरूंच्या बरोबरीने अभिषिक्त मानले. आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती कुटुंबांची वसाहत उभी केली. प्रार्थना आणि पोटापाण्याचे काम एकाच गावात नांदावे, हे आपल्याकडे तेव्हापासून नवे नाही. पूर्णवेळ सेवकांविषयी मला आदरच आहे, पण मंडळीतील बाकीच्यांना केवळ वर्गणीदार समजण्याची सवय आता सुटायला हवी.

उत्तर (परभणी)
वरील उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, तरी एक धोका नोंदवावासा वाटतो. प्रत्येक काम देवानेच दिले असे सरसकट म्हणणे आपल्या भागात फार जपून करावे लागते. मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती घराण्यांच्या मागच्या पिढ्यांवर गावकीची कामे जन्माने लादलेली होती आणि ती ईश्वरी योजनाच आहे असे त्यांना सांगितले जात होते. मग चर्चमध्ये येऊन आपण तेच नव्या शब्दांत सांगायचे का? बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, ज्या स्थितीत पाचारण झाले तीत राहावे, असे पौल म्हणतो. पण लगेच पुढे, दास असलेल्याला मोकळे होता येत असेल तर त्याने ती संधी घ्यावी, असेही सुचवतो. हे दुसरे वाक्य उपदेशात क्वचितच ऐकू येते. म्हणून पाचारणाची कसोटी कामाच्या नावात न शोधता त्या कामातून शेजाऱ्याचे भले होते का, आणि करणाऱ्याची माणुसकी शाबूत राहते का, यात शोधावी, असे माझे मत आहे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
मी कॅथलिक आहे. आमच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली मंडळीविषयीच्या दस्तऐवजात, पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे, मग ते कोणत्याही अवस्थेत वा व्यवसायात असोत, असे स्पष्ट केले आहे. आमच्याकडेही हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. परभणीच्या बंधूंच्या कसोटीवर मी अडखळते, कारण थकबाकीदाराला मला नाहीच म्हणावे लागते. तेव्हा प्रीती कशी करायची?

उत्तर (परभणी)
ताई, नियम वाकवणे ही प्रीती नव्हे. तसे केल्यास रांगेतील पुढच्या माणसावर अन्याय होतो. मात्र नकार पहिल्याच दिवशी, कारणासह आणि त्याला समजेल अशा भाषेत द्यावा, आणि कर्जाचे पुनर्गठन होऊ शकत असेल तर तेही सांगावे. जमिनीचा आठ-अ उतारा राहिला म्हणून एक फेरी, फेरफाराची नोंद राहिली म्हणून दुसरी, असे एसटीच्या भाड्याने माणसाला दमवू नये; लागणारे सगळे कागद एकदाच लिहून द्यावेत. एवढे तुमच्या हातात आहे. बाकीचे शाखाधिकाऱ्यांच्या आणि सरकारच्या.