सिमैथाचा मंत्र अर्ध्यावर का थांबतो?

मलप्रभाकाठ (खानापूर)
थिओक्रिटस या प्राचीन ग्रीक कवीची ‘जादूगारीण’ ही कविता कुणी वाचलीय का? बारा दिवस तिचा प्रियकर डेल्फिस फिरकलेला नाही, म्हणून सिमैथा रात्री विस्तव मांडते. सातू, कोंडा टाकते, मेण वितळवते, त्याच्या झग्याची दशी आगीत टाकते. गावात कुत्री रडू लागतात, देवी तिठ्यावर आली म्हणून ती मोलकरणीला, थेस्टिलिसला, काशाचं भांडं वाजवायला लावते. इथं माझ्या अंगावर काटा आला. आमची अज्जी तिकटीवर लिंबू-कुंकू दिसलं की हात धरून मला लांबून न्यायची.

आमच्या आक्काचा नवरा पुण्याला गेला तो परत आलाच नाही. एका बाईनं त्याचा अंगातला सदरा मागितला होता. आक्कानं दिला नाही. त्या दशीपाशी मी म्हणूनच अडकले. पण पुढं मंत्र थांबतो आणि ती सगळी हकिकत सांगत बसते. असं का?

वेदगंगा (निपाणी)
ताई, थेस्टिलिस कुठं जाते ते बघा. डेल्फिसच्या उंबरठ्यावर औषधी चोळायला सिमैथा तिला पाठवते आणि म्हणते, आता मी एकटी. तिथंच धृपद बदलतं. आधी जादूच्या चक्राला सांगणं होतं, ‘त्या माणसाला माझ्या घरी ओढून आण.’ आता चंद्रदेवीला म्हणते, ‘माझं प्रेम कुठून आलं ते ऐक.’ मोलकरणीसमोर करणी चालते की, पण मन उघडं करायला कुणी नको असतं.

शहापूर पेठ (बेळगाव)
पटलं, पण तिला फार मऊ करू नका. शेवटी ती धमकी देते: अजून छळलंस तर पेटीत जालीम औषधं आहेत, एका असिरियन परक्यानं शिकवलेली. आणि डेल्फिस पहिल्यांदा दारात आला तेव्हा ती बर्फाहून गार पडते, घाम दवासारखा फुटतो, वाचा बसते. ही ग्रीक कवयित्री सॅफोची वाट. सॅफोच्या कवितेत बोलणारीची जीभ मोडते, कातडीखाली बारीक आग पसरते, ती गवताहून हिरवी पडते. सॅफो इ. स. पूर्व ६०० च्या सुमाराची, थिओक्रिटस इ. स. पूर्व ३ऱ्या शतकातला.

मलप्रभाकाठ (खानापूर)
निपाणीच्या सर, एकटी हा शब्द माझ्या नजरेतून सुटलाच होता. आक्कासुद्धा घरात कुणाशी बोलली नाही. जेवणं आटोपल्यावर कट्ट्यावर बसायची, मी झोपलेय असं समजून पुटपुटायची. धमकीचं पण खरं आहे, आक्काच्या तोंडी शिव्या असायच्या. सदरा अजून तिच्या ट्रंकेत आहे. दिवाळीला गेले की तिला शेवट वाचून दाखवते: ‘माझी ओढ मी आजवर सोसली तशीच सोसेन.’