बोल्डरला काय फक्त श्रीमंतांच्या पोरांनीच जायचं?

रानवाट:
परवा ॲडमिशनच्या धाग्यावर ‘पैलतीर’ यांनी एका मुलाला सल्ला दिला: ‘बोल्डर ही युनिव्हर्सिटी नाही, पैसेवाल्यांच्या पोरांचं हिल स्टेशन आहे. अभ्यास कमी, स्कीइंग जास्त. गाडी नसेल तर दोन वर्षं खोलीत कुढत बसशील. त्यापेक्षा टेक्सासला जा.’ वाचून डोकंच फिरलं. तिथे चार ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

साताऱ्याच्या बेताच्या घरातून, कर्ज काढून मी अमेरिकेतल्या बोल्डर गावी, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत एमएस केलं. गाडी नव्हती. बसचा पास फीमध्येच येतो. डोंगराला तर बसही लागत नाही. कॅम्पसवरून निघून बेसलाइन रोडने चालत गेलं की डोंगराच्या पायथ्याचं शटॉक्वा, आणि समोर फ्लॅटआयर्न्सच्या तिरक्या शिळा. तिकीट नाही की परवाना नाही. माउंट सॅनिटासच्या पायऱ्या चढताना माझी जीभ बाहेर आली होती आणि साठी उलटलेल्या एक बाई कुत्र्याला घेऊन पळत खाली येत होत्या. नंतर कळलं, त्या आमच्याच डिपार्टमेंटच्या प्रोफेसर. पुढे माझ्या प्रबंधाचा विषय त्यांच्याशी बोलता बोलता अशाच एका उतारावर ठरला. त्या गावात माणसं भेटतात ती डोंगरावर. याला श्रीमंतांचा शौक म्हणणं म्हणजे त्या मुलाची दिशाभूल आहे.

पैलतीर:
ताई, नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. प्रबंधाचा विषय उतारावर ठरला असं तुम्ही अभिमानाने सांगताय, माझी तक्रार नेमकी तीच आहे. त्या शनिवारी जो उतारावर नव्हता त्याचं काय? मी शनिवार-रविवार डायनिंग हॉलमध्ये भांडी घासत होतो, कारण घरी हप्ता जायचा. सोमवारी लॅबमध्ये आलो की सगळ्यांचे विनोद एल्डोराच्या, म्हणजे जवळच्या स्कीइंगच्या डोंगरावरच्या, लिफ्टवरचे. मला कुणी मुद्दाम वगळलं नाही. पण ज्याला शनिवार मोकळा नाही त्याची ओळखच होत नाही, आणि शिफारसपत्रं ओळखीवर लिहिली जातात. चालायला तिकीट नसेल, वेळेला आहे. स्कीचा पास, बूट, जाकीट यांचा हिशेब तर मी धरतच नाही.

चिंचवडकर बाबा:
मुलीला तिथली ॲडमिशन मिळाली आहे, एरोस्पेसला. दोघांचंही वाचतोय. घरभाड्याचं कुणीतरी सांगा. आणि तिथे गांजा उघड चालतो म्हणतात, ते खरं का?

रानवाट:
बाबा, राज्यात 2012 च्या मतदानानंतर तो कायदेशीर झाला, पण केंद्राच्या कायद्यात अजून गुन्हाच आहे. आपली मुलं व्हिसावर असतात, तेव्हा मुलीला स्पष्ट सांगा, हातसुद्धा लावायचा नाही. बाकी कॅम्पसवर बंदीच आहे. पूर्वी 20 एप्रिलला नॉर्लिन लायब्ररीसमोरच्या हिरवळीवर हजारोंनी जमून ओढायचे, ते 2012 मध्ये युनिव्हर्सिटीने हिरवळीवर माशांचं खत टाकून आणि बाहेरच्यांना कॅम्पसबंदी करून मोडून काढलं. ‘हिल’ भागात पार्ट्या होतात, खरं आहे. मुलीला राहायला तिथे जाऊ देऊ नका.

दगडधोंडे:
भाड्याचं मी सांगतो, बारा वर्षं बोल्डरला आहे. भाडं जबर आहे आणि त्याचं मूळ याच डोंगरप्रेमात आहे. 1959 मध्ये या गावाने डोंगरउतारावर एक रेषा ठरवली, तिच्या वर पाणीपुरवठा नाही, म्हणजे बांधकाम नाही. 1967 मध्ये स्वतःवर विक्रीकर लावून घेऊन भोवतालच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. म्हणून तो डोंगर आज मोकळा दिसतो आणि म्हणूनच घरं वाढत नाहीत. शिवाय बहुतेक वस्त्यांत तिघांपेक्षा जास्त बिननात्याची माणसं एका घरात राहू शकत नसत. पाच बेडरूमचं घर, करारावर तीन नावं, बाकीचे चोरून. आमच्या घरमालकाला हे ठाऊक होतं. निघताना त्याने डिपॉझिट दाबलं, आणि तक्रार करायची आमची सोय नव्हती. 2023 मध्ये शहराने मर्यादा पाचावर नेली आणि 2024 मध्ये राज्याने नात्यावरून मर्यादा घालणंच बंद केलं. त्यामुळे आता चार-पाच मुली मिळून रीतसर घर घेऊ शकतात. नाहीतर जवळच्या लाँगमाँट किंवा लाफायेत गावात राहायचं आणि बसने यायचं.

गडवेडा:
इतकं काय त्या डोंगराचं कौतुक? पंधराशे डॉलरचं सामान अंगावर चढवून दोन मैल चालायचं आणि त्याला ‘हायकिंग’ म्हणायचं. आमच्या वेळी स्लीपर घालून हरिश्चंद्रगड व्हायचा, नळीच्या वाटेने. पोतडीत भाकरी, ठेचा, कांदा. ना पोल, ना हायड्रेशन पॅक. आणि आता हेच फॅड सह्याद्रीत आलंय. कळसूबाईच्या शिडीला रांग, माथ्यावर मॅगी, राजमाचीला स्पीकर.

दगडधोंडे:
गडवेडा, स्पीकरबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी नाही. कळसूबाईचा माथा 1646 मीटर. बोल्डर गावच साधारण तेवढ्या उंचीवर आहे! तिथे माणूस आपल्या सर्वोच्च शिखरावर झोपतो आणि तिथून वर चढायला सुरुवात करतो. तिथलं लाँग्ज पीक हे शिखर 14259 फूट, म्हणजे सुमारे 4346 मीटर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी हमखास वीज कडाडते आणि झाडांच्या रेषेच्या वर आडोसा नावाची गोष्ट नसते. म्हणून लोक पहाटे दोन-तीनला निघतात आणि दुपारच्या आत उतरतात. स्लीपर घालून तिथे जाणाऱ्याला मी तरी सोबत नेणार नाही.

गडवेडा:
उंचीचे आकडे मला सांगू नका. कोकणकड्यावर पावसात उभं राहून दाखवा, मग बोलू. आमच्या गटात कधी कुणाला साधं खरचटलं नाही.

घाटमाथा:
मी लोणावळ्याजवळची. खरचटलं नाही हे नशीब समजा. दर पावसाळ्यात स्लीपर घातलेली, टॉर्च नसलेली पोरं दरीत अडकतात आणि शिवदुर्ग बचावगटाची मुलं कामधंदा सोडून दोर घेऊन उतरतात. माझा भाऊ जातो. रात्री अडीचला फोन येतो, आई देवापुढे बसून राहते तो परत येईपर्यंत. ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांमुळेच नव्या पोरांना बुटांची लाज वाटते. तुम्हाला स्लीपरचा अभिमान आहे, त्याची किंमत दुसऱ्याच्या घरची माणसं मोजतात.

गडवेडा:
ताई, तुमच्या भावाला नमस्कार. त्यांच्याबद्दल मी काही बोललो नाही. पण महागडं सामान म्हणजे शहाणपण नव्हे, हे माझं म्हणणं कायम आहे.

रानवाट:
अहो, कुणी म्हटलं महागडं? युनिव्हर्सिटीच्या रेक सेंटरमधून (व्यायाम-खेळांचं केंद्र) तंबू, स्लीपिंग बॅग भाड्याने मिळते. पहिल्या वर्षी माझे बूट वापरलेले, शिकून निघालेल्या एका मुलीकडून घेतलेले. बोल्डरलाही रॉकी माउंटन रेस्क्यूचा गट 1947 पासून आहे, सगळे स्वयंसेवक, सुटकेचे पैसे घेत नाहीत. घाटमाथा यांच्या भावासारखीच माणसं. धागा पुन्हा मुद्द्यावर आणूया का?

पैलतीर:
आणूया. माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. शनिवारी काम करणाऱ्याचं काय?

रानवाट:
दिवस लांब असतो तेव्हा संध्याकाळी सहाला काम संपवूनही शटॉक्वाला फेरी होते. आम्ही करायचो.

पैलतीर:
आठ तास ओल्या हातांनी उभं राहिल्यावर तुम्ही फेरी मारली असती का? प्रामाणिकपणे सांगा. आणि तुमच्या त्या प्रोफेसर बाईंनी जे उतारावर सांगितलं, ते मंगळवारी ऑफिसमध्ये सांगता आलं नसतं का?

रानवाट:
सांगता आलं असतं. हे तुमचं बरोबर आहे, आणि प्राध्यापकांनी ते पाळायला हवं. पण म्हणून ‘अभ्यास कमी’ कसं झालं? तिथली एरोस्पेस, तिथलं भौतिकशास्त्र काय दर्जाचं आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे. चार नोबेल विजेते एकट्या भौतिकशास्त्राशी जोडलेले आहेत. त्यांतल्या एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांना 2001 चं नोबेल त्याच गावातल्या कामासाठी मिळालं.

पैलतीर:
‘अभ्यास कमी’ हे मी मागे घेतो. ‘हिल स्टेशन’ नाही घेत. बसचंही मान्य. टेक्सासचा सल्ला मात्र माझ्यासारख्या हप्तेवाल्यांसाठी होता आणि तो तसाच ठेवतोय. तिथे आठ मराठी पोरं एका कॉम्प्लेक्समध्ये राहतात, एक आजारी पडला तर दुसरा खिचडी टाकतो. बोल्डरला ताप आला तेव्हा माझ्या दारावर कुणी टकटक केली नव्हती.

चिंचवडकर बाबा:
पैलतीर, हे वाचून वाईट वाटलं. मुलीला सांगितलंय की पहिलं सत्र शनिवारचं काम घ्यायचं नाही, तेवढे पैसे मी पाठवीन. रानवाट ताई, बूट इथून नेऊ की तिथे वापरलेले मिळतील? आणि घरासाठी मुली कुठे शोधायच्या?

रानवाट:
बाबा, बूट तिथेच घ्या. ऑगस्टमध्ये शिकून निघालेले लोक सामान विकतात. घराचं तुम्हाला व्यक्तिगत निरोपात लिहिते. पैलतीर, ऑगस्टमध्ये पाच-सहा मुलं नवी जातायत. तुमची परवानगी असेल तर तुमची शेवटची ओळ त्यांच्या ग्रुपवर टाकते, म्हणजे पहिल्याच आठवड्यात एकमेकांचे पत्ते लिहून घेतील.

पैलतीर:
टाका. माझं नाव नको.

गडवेडा:
आणि राजमाचीच्या स्पीकरवर वेगळा धागा काढतोय. घाटमाथा, तुम्ही या.