एकच रिमोट: टीव्ही, यामाहा रिसीव्हर, जुना सीडी प्लेअर आणि असेंबल्ड अ‍ॅम्प

वडगावकर
बेळगाव, वडगाव. एकाच खोलीत सोनीचा टीव्ही (त्याला फायर स्टिक), डीटीएच बॉक्स, यामाहाचा आरएक्स-व्ही मालिकेतला रिसीव्हर (इनपुट निवडून स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प), फिलिप्सचा जुना सीडी प्लेअर, सकाळच्या अभंगांसाठी यूएसबी-ब्लूटूथ बोर्ड बसवलेला असेंबल्ड अ‍ॅम्प आणि तसाच बोर्ड असलेला एक टॉवर स्पीकर आहे. आईवडिलांच्या हातात एकच रिमोट द्यायचाय. लर्निंग रिमोट (दुसऱ्या रिमोटचे कोड टिपून घेणारा) आणलाय, तो इन्फ्रारेडवर चालतो आणि त्यात मॅक्रोची, म्हणजे एका बटणातून ओळीने अनेक आज्ञा पाठवायची, सोय आहे. अडलंय ते असं:
१. 'सगळं चालू' मॅक्रो दाबला की कधी टीव्ही चालू आणि रिसीव्हर बंद, तर कधी उलटं.
२. सीडीचं 'पुढचं गाणं' एकदा चालतं, लगेच परत दाबलं की काहीच होत नाही.
३. अ‍ॅम्पचा आवाज वाढवला की टॉवरचाही वाढतो.
४. फायर स्टिकचा रिमोट शिकतच नाही.
जाणकारांनी सांगा की.

निपाणी_सर्किट
वडगावकर अण्णा, चौथ्याचं कारण सोपं आहे. फायर स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो, तो तुमच्या लर्निंग रिमोटला दिसतच नाही. त्याच्या आवाजाच्या आणि पॉवरच्या बटणांमधून मात्र इन्फ्रारेड निघतं. टीव्हीत सीईसी (एचडीएमआय केबलमधून यंत्रांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू असेल तर सोनीच्या रिमोटची बाणांची बटणं आणि ओके स्टिकपर्यंत पोचतात, तीच शिकवा.

आता मॅक्रो. पॉवरचा कोड बहुतेक ठिकाणी एकच असतो: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. एखादं यंत्र आधीच चालू असलं की मॅक्रो ते बंद करतो. म्हणून मॅक्रोत पॉवरचं बटण घालूच नका. यामाहाच्या रिमोटवर 'सीन'ची बटणं आहेत बघा. ती दाबली की रिसीव्हर स्टँडबायमधून उठतो आणि त्या सीनला लावलेलं इनपुटही निवडतो. आधीच चालू असेल तर चालूच राहतो. तो कोड शिकवा. टीव्हीसाठी सोनीत वेगळे कोड आहेतच: उपकरण १ (म्हणजे टीव्ही), आज्ञा ४६ म्हणजे फक्त चालू, ४७ म्हणजे फक्त बंद, आणि रिमोटवरचं नेहमीचं बटण २१ पाठवतं. ४६ आणि ४७ मूळ रिमोटवर नसतात. इन्फ्रारेड असलेल्या फोनमधल्या अ‍ॅपवरून ते पाठवायचे आणि फोन लर्निंग रिमोटसमोर धरून शिकवायचे.

एवढा खटाटोप नको असेल तर टीव्हीत ब्राव्हिया सिंक (सोनीचं सीईसीला दिलेलं नाव) आणि यामाहात 'एचडीएमआय कंट्रोल' चालू करा. रिसीव्हरच्या आउटपुटची केबल टीव्हीच्या एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत पाठवणारी) लिहिलेल्या खाचेतच लावा. टीव्ही बंद केला की रिसीव्हर झोपतो आणि टीव्हीच्या आवाजाच्या बटणांनी रिसीव्हरचा आवाज बदलतो. डीटीएच बॉक्स मात्र बहुधा यात सामील होत नाही, त्याची पॉवर आणि चॅनलची बटणं वेगळी शिकवावी लागतील.

मॅक्रोत सीन आणि पुढच्या आज्ञेमध्ये ६-७ सेकंद थांबा ठेवा. रिसीव्हर जागा होताना आलेली आज्ञा हरवते.

टिळकवाडी_ऑडिओ
दुसऱ्या अडचणीचं मूळ फिलिप्सच्या आरसी-५ या रिमोट-कोडच्या पद्धतीत आहे. तिच्या १४ बिटांपैकी तिसरा टॉगल बिट. बटण सोडून परत दाबलं की तो उलटतो, त्यावरून प्लेअर ओळखतो की हा नवा दाब आहे. लर्निंग रिमोट शिकताना तो बिट जसा होता तसाच गोठवतो. मग दुसरा दाब प्लेअरला 'बटण अजून दाबलेलंच आहे' असा वाटतो.

यावर पहिला पर्याय: शिकवू नका. रिमोटच्या तयार कोडयादीतून फिलिप्स सीडीचा कोड निवडा, तो टॉगल स्वतः उलटवतो. यादीत सापडला नाही तर 'पुढचं गाणं' दोन बटणांवर शिकवा, दोन्हींत टॉगल वेगळा हवा. पहिलं शिकवल्यावर दुसऱ्यावर शिकवा. तुमचा रिमोट प्रत्येक बटणाला मूळचं बटण दोनदा दाबायला लावत असेल तर मध्ये एकदा मूळ रिमोट भिंतीकडे धरून तेच बटण दाबा, नाहीतर दोन्हीकडे तोच बिट बसेल. नंतर दोन बटणं आलटून पालटून वापरायची. वडीलधाऱ्यांना हे जड जाईल, म्हणून आधी कोडयादीच धुंडाळा.

शिकवताना दोन्ही रिमोट डोळ्याला डोळा लावून ३ ते ५ सेंटिमीटरवर, टेबलावर सपाट ठेवा. उन्हात किंवा सीएफएलखाली नको. मूळ रिमोटात नवे सेल घाला, मंद सेलवर कोड चुकीचा टिपला जातो. सोनीचं इन्फ्रारेड ४० किलोहर्ट्झवर लुकलुकतं आणि आरसी-५ चं ३६ वर. रिमोट ३८ वरच टिपणारा असेल तर जवळून शिकतो, पण लांबून दमतो.

मलप्रभा_काठ
तिसऱ्याबद्दल लिहिते, दादा. यूएसबी बोर्डासोबत येणारा २१ बटणांचा चपटा रिमोट बहुतेक एनईसी या कोडपद्धतीचा असतो आणि त्याचा पत्ता (आज्ञा कुठल्या यंत्रासाठी ते सांगणारा आकडा) बहुधा शून्यच. वेगवेगळ्या पेट्यांमध्ये तोच, म्हणून दोन्ही एकदम ऐकतात. पत्ता बदलायची सोय त्या बोर्डात नसते.

एकाचे कान झाका. टॉवरवर बाहेरून, फक्त डोळ्याच्या (इन्फ्रारेड टिपणाऱ्या) खिडकीवर, स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा आणि वर चिकटपट्टी. काळ्या प्लास्टिकवर विसंबू नका, बरंचसं काळं प्लास्टिक इन्फ्रारेड आरपार सोडतं, खिडकीचं झाकण त्याचंच असतं. फॉइल आतल्या बोर्डाला टेकू देऊ नका. मग टॉवर त्याच्याच बटणांनी चालवायचा.

आणखी एक. करंट जाऊन आला की हे बोर्ड आपापल्या मूळ मोडवर आणि आवाजावर जातात, काही यूएसबीऐवजी ब्लूटूथवर. अभंगाच्या बटणात 'मोड' घालू नका, तो दर वेळी एक पायरी पुढे सरकतो, कुठून सुरू झाला त्यावर सगळं अवलंबून. रिमोटवर यूएसबीचं वेगळं बटण असेल तर तेच शिकवा.

वडगावकर
ताई, अण्णा, आभार. वायफायवरचा ब्लास्टर (फोनच्या आज्ञेवर इन्फ्रारेड कोड सोडणारी डबी) घेतला तर हे सगळं टळेल का?

निपाणी_सर्किट
टॉगल टळत नाही, ४६-४७ सारखे कोड टाकणं तेवढं सोपं होतं. बरेच ब्लास्टर २.४ गीगाहर्ट्झवरच जोडले जातात. करंट गेला आणि राउटर इन्व्हर्टरवर नसला तर राउटर उठेपर्यंत रिमोट मुका. कोड टिपून ठेवायला तो उत्तम, पण आईवडिलांच्या हाताला बटणांचा रिमोटच द्या.

मलप्रभा_काठ
खानापूरकडच्या पावसात सेलच्या पट्ट्या हिरव्या पडतात, तिकडं रिमोट नेणार असाल तर लक्ष ठेवा. आणि फोनचा पुढचा कॅमेरा रिमोटकडे रोखून बटण दाबा: दिवा जांभळट लुकलुकला तर रिमोट पाठवतोय, दोष यंत्राच्या डोळ्यात शोधायचा. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा फिल्टर असतो, त्यात दिसत नाही.