देगावचं शुद्ध केलेलं पाणी पक्ष्यांना सोडायचं का?

चांदवा :
अमेरिकेत ॲरिझोनामध्ये टूसॉन नावाचं शहर आहे. वाळवंटी मुलूख, पाऊस वर्षाला 300 मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथे 1996 मध्ये शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर ‘स्वीटवॉटर वेटलँड्स’ ही पाणथळ उभी केली. तळी, पाणकणसाची बेटं, मधून पायवाटा, आत जायला पैसे नाहीत. शेजारीच उथळ खड्ड्यांतून पाणी जमिनीत मुरवतात. आपल्याकडे देगावच्या केंद्रात सोलापूर शहराचं सांडपाणी शुद्ध होतं. त्यातला थोडा वाटा गावाबाहेरच्या पडीक जागेत का सोडू नये? पावसाची वाट बघायला नको. सोलापूर आंघोळ करतंय तोवर तळं भरलेलं!

चार दिवसाआड :
मालक, आमचा नळ चार दिवसाआड येतो, तोही कधी रात्री दीडला. बायको बॅरल भरते, मी मोटारीला कान लावून बसतो. आणि बदकांना मात्र चोवीस तास पाणी?

चांदवा :
ते पाणी तुमच्या नळाला येणारच नाही की हो.

चार दिवसाआड :
नळाला नको, सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या औष्णिक वीजप्रकल्पाला द्या. 1320 मेगावॅटचा आहे. 50 किलोमीटरच्या आत शुद्धीकरण केंद्र असेल तर औष्णिक प्रकल्पानं तेच पाणी वापरावं, असं केंद्राच्या 2016 च्या वीजदर धोरणातच आहे. त्यांनी हे घेतलं की तेवढं धरणाचं पाणी माणसांना वाचतं. बदकं त्यानंतर.

नाल्याकाठचा :
तुम्ही दोघं वाटण्या करून मोकळे. देगावचं पाणी ज्या नाल्यात येतं, त्याच नाल्यावर आमचं कडवळ आणि मका आहे, मोटारी टाकून वर्षं झाली. शुद्ध म्हणताय, पण खाली येईस्तोवर बाकीची गटारं मिसळायलीत, फेस बगा एकदा येऊन. तरी पाणी आहे म्हणून जनावरं जगायलीत. तळ्यासाठी आमच्या मोटारी उचलणार का, ते आधी सांगा.

विजापूर रोड :
कंबर तलावावर सकाळी फिरायला या. परवा काठावर जलपर्णीचा ढीग ओढून टाकला होता, मुळांना काळा गाळ लोंबत होता. काठीनं हलवला तर चिलटांचा ढगच उठला, तोंडात गेली दोन-चार. शुद्ध केलेल्या पाण्यातही नत्र-स्फुरद उरतं, जलपर्णीला तेच खाद्य. तुमचे टूसॉनवाले डासांपायी दरवर्षी पाणकणीस ठरवून जाळतात, ते का नाही लिहिलं? आपल्याकडे पहिल्या वर्षी फीत कापणार, दुसऱ्या वर्षी जलपर्णी काढायचं टेंडर निघणार.

भिगवणची वारी :
पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. त्याच उजनीवर आपण भिगवणला होडीचे पैसे देऊन रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघतो. तेच पाणी शंभरेक किलोमीटर पाइपातून आणून, गाळून पितोही. म्हणजे सांडपाण्यावरची पाणथळ आपल्याकडे कधीचीच आहे, फक्त कुणी मोजूनमापून केलेली नाही. मोजून केलेली एखादी बघायला मला आवडेल.

चांदवा :
जाळण्याचं राहिलं लिहायचं, चुकलं. एनटीपीसीचा हक्क आधी, तेही मान्य. मग नमुन्यादाखल दोनच एकर करू. जलपर्णी काढायला बारमाही दोन माणसं, त्यांचा पगार ठरल्याशिवाय पाणी सोडायचं नाही.

नाल्याकाठचा :
दोन एकर कुणाची?