पिकअपचं श्रेय टाटामोबाईलला की बोलेरोला?

तासगावकर:
द्राक्षाचा हंगाम आला की आमच्याकडं बांधावर पिकअप लागते, आणि पिकअप म्हटलं की महिंद्राची बोलेरोच, असं सगळे धरून चालतात. मला हे पटत नाही. टेल्कोनं, म्हणजे आत्ताच्या टाटा मोटर्सनं, टाटामोबाईल 206 आणली 1988 ला. पुढं मोटारीसारखी केबिन, मागं उघडा हौदा. बोलेरो हे नाव आलं 2000 साली. 206 च्याच पायावर 1991 ला सिएरा आणि पुढच्या वर्षी इस्टेट या प्रवासी गाड्या उभ्या राहिल्या. सिएराचं कौतुक सगळ्यांना, 206 चं नाव कुणी घेत नाही.

कोरेगावचा शेतकरी:
भाऊ, सुरुवात 1988 ला धरायची कशाला? महिंद्रा 1947 पासून विलीज जीप जोडत होती. जीपची नस माहीत असलेला मिस्त्री प्रत्येक तालुक्यात होता, त्यावरच पुढची पिकअप चालली. रात्री खंबाटकी उतरून पहाटे वाशीला माल लागलाच पाहिजे. वाटेत स्प्रिंगचा पाटा तुटला तर तो कुठंही मिळायला हवा. गाडी पहिली कुणी काढली याला शेतकऱ्याच्या लेखी किंमत नाही.

तासगावकर:
मिस्त्रीचा मुद्दा मान्य. पण जीप माणसांची गाडी, माल तिच्यात कोंबावा लागायचा. द्राक्षाचे क्रेट एकावर एक रचायचे, तर हौदा सपाट आणि मागचा फाळका पूर्ण खाली पडणारा लागतो. खालच्या क्रेटला धक्का बसला की मणी गळतात, व्यापारी तिथंच भाव पाडतो. 206 मुळातच मालासाठी बांधली होती.

मिरजकर:
तुम्ही दोघंही छोटा हत्ती विसरलात. 2005 चा टाटा एस, दोन सिलिंडरचं 702 सीसी इंजिन, पाऊण टन माल. पिकअप ज्याच्या आवाक्याबाहेर होती त्याच्या दारात पहिल्यांदा स्वतःची मालगाडी उभी राहिली ती हीच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची चार पोती न्यायला पिकअप कशाला?

कोरेगावचा शेतकरी:
हत्ती गावात ठीक, भरून घाट चढताना त्याचा दम निघतो. आणि टाटांचं माझं खरं दुखणं वेगळं आहे. 206, 207, झेनॉन, 2017 ला योद्धा... नावं बदलत गेले. महिंद्रानं बोलेरो सोडली नाही, 2023 ला दोन टनांपर्यंतची मॅक्स काढली तीही बोलेरोच. गिऱ्हाईक नाव धरून राहतं.

तासगावकर:
नाव टिकवलं, त्याचं श्रेय महिंद्राला. गाडीची मांडणी मात्र 206 चीच, यावर मी ठाम आहे. सांगली-साताऱ्यात अजून रस्त्यावर असलेली 206 कुणाकडं असेल तर हौद्याचा फोटो आणि माप टाका, बोलेरोच्या मापाशी लावून बघू.